भिंतीपासून हातभर पुढे

लोकांच्या खिडक्यांना पडदे शिवून देणं हा तिचा बावीस वर्षांचा धंदा. डेकोरेटर मॅडम एखादं घर सजवायला घेत आणि त्या घरात तिची पाळी सगळ्यांत शेवटी येई. रंग वाळलेला असे, फर्निचर लागलेलं असे, फक्त खिडक्या तेवढ्या उघड्या. ती शिडीवर चढून रॉडवर कड्या ओवायची आणि वरून अख्खी खोली डोळे भरून बघायची. खोली वरूनच कळते, असं तिचं म्हणणं होतं. सोफा कुठे अवघडून बसलाय, दिवा कुठे उगीच ताटकळत उभा आहे, हे खालच्या माणसाच्या लक्षात येत नाही. मॅडम तिला पडदेताई म्हणत. पुढे रंगारी, सुतार, गिऱ्हाइकं, सगळ्यांच्याच तोंडी ते नाव बसलं.

तिच्या स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. तीन खोल्या. संसार मांडला त्या दिवशी हमालांनी जे सामान जिथे टेकवलं ते तिथेच राहिलेलं. सोफा भिंतीला, जेवणाचं टेबल भिंतीला, कपाट भिंतीला, आणि मधे दवाखान्याच्या बाहेर असते तशी मोकळी फरशी. बाहेरच्याच खोलीत तिचं शिवणयंत्र. यंत्राच्या खणात एक जाड वही होती. मासिकांतून कापलेली चित्रं, कापडाचे तुकडे, कुठल्याशा बंगल्यात पाहून आवडलेल्या भिंतीच्या रंगाचा नंबर, सगळं त्यात चिकटवलेलं. वही इतकी फुगली होती की रबर लावल्याशिवाय मिटत नसे.

नवरा शाळेची बस चालवायचा. मुलं त्याला बसकाका म्हणत आणि मुलांचं ऐकून त्यांच्या आयाही. शांत माणूस. कधी आवाज चढवला नाही, कधी ताटाला नाव ठेवलं नाही. घराचा विषय निघाला की तो "बघू" म्हणायचा, आणि त्या एका शब्दावर लेक लहानाची मोठी झाली.

ती लेक शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागली आणि तिची खोली रिकामी झाली. पडदेताईनं यंत्र आणि कापडाचे गठ्ठे तिकडे हलवले, आणि बाहेरची खोली पहिल्यांदाच तिला खोलीसारखी दिसली. दहा-बारा दिवस ती येता-जाता तिच्याकडे बघत होती. कुणी पाहुणा आलाय आणि त्याला काय द्यावं सुचत नाहीये, तसं.

त्याच सुमाराला मॅडमनी तिला एका मोठ्या फर्निचरच्या दुकानात नेलं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर नमुन्याच्या खोल्या मांडल्या होत्या, त्यांना पडदे हवे होते. तीन भिंतींची एकेक खोली, चौथ्या बाजूनं लोकांनी बघत जायचं. चौथी खोली मोजताना पडदेताईनं टेप दोनदा लावला. बारा बाय चौदा. तिच्या घरची खोलीही नेमकी तेवढीच होती. पण इथे मागची भिंत गडद निळसर हिरवी होती, सोफा भिंत सोडून पुढे आला होता, त्याच्यापुढे काचेचं बुटकं टेबल, बाजूला दोन ठेंगणी स्टुलं आणि कोपऱ्यात मान झुकवून उभा असलेला दिवा. एवढ्याशा जागेत किती ऐसपैस वाटत होतं! ती सोफ्याच्या कडेवर टेकली. कुणी हटकलं नाही. तिला आपलं वय आठवलं, पन्नासला दोन कमी, आणि आपण आजवर कुठल्याच अशा खोलीत बसलो नाही, फक्त शिडीवर चढलो, असं काहीसं मनात आलं.

मॅडमनी तिचा चेहरा बघून ओळखलं. त्या म्हणाल्या, सामान भिंतीला चिकटवू नका पडदेताई, बोलावल्याशिवाय आलेल्या माणसासारखं दिसतं. भिंतीपासून हातभर पुढे घ्या, मग खोली बोलायला लागते.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. या वेळी तो "बघू" म्हणाला नाही. आहे ते काय वाईट आहे, असं त्यानं विचारलं. तिनं समजावलं, वहीतली चित्रं दाखवली, आपल्या कमाईतून करतेय हेही सांगितलं. तो ऐकून घेत होता आणि मान हलवत होता. शेवटी म्हणाला की सगळं सवयीचं झालंय, कशाला उगीच हलवायचं. इतक्या वर्षांत त्यानं तिच्या कुठल्या गोष्टीला आडकाठी केली नव्हती, म्हणून हे तिला फारच लागलं. मग तीही हट्टाला पेटली. हौसेला मोल नसतं, असं म्हणून तिनं रंगाऱ्याला बोलावलं, आणि महिन्याभरात दुकानातली ती चौथी खोली जवळजवळ जशीच्या तशी आपल्या घरी आणली.

सामान आलं तेव्हा तो कामावर होता. माणसांनी सोफा उतरवला, टेबलाची काच बसवून दिली आणि गेली. पुढचे दोन तास ती एकटीच सोफा सरकवत होती. वीतभर इकडे, वीतभर तिकडे. दिवा लावून बघितला, विझवून बघितला. टेबलाची काच इतकी स्वच्छ पुसली की खालची फरशी तशीच्या तशी दिसत होती. मग चहाचं आधण ठेवून ती दाराकडे कान लावून बसली.

तो आला, दारात चपला काढल्या आणि तिथेच थांबला. तिला वाटलं, बघतोय. छान झालंय, असं तो म्हणालासुद्धा. मग नेहमीसारखा सरळ स्वयंपाकघराकडे निघाला आणि स्टुलाला अडखळून हातापायांवर पडला. गुडघा फुटला. ती धावली, हळद लावली, दोघं हसले. जुन्या सवयीनं चाललात, ती म्हणाली. हो ना, तो म्हणाला.

पण ते एवढ्यावर थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या नडगीला टेबलाची कड लागली. तिसऱ्या दिवशी चहाचा कप त्यानं टेबलाच्या काठाबाहेर ठेवला आणि हात सोडून दिला. त्या आठवड्यात झुकत्या मानेचा दिवा आडवा झाला, त्याची टोपी चेपली. तो तुकडे गोळा करायचा, चुकलं म्हणायचा, आणि मग त्यानं बाहेरच्या खोलीत बसणंच सोडलं. आला की भिंतीच्या कडेकडेनं स्वयंपाकघरात जाई आणि तिथल्या लाकडी खुर्चीत बसून राही.

तिला वाटलं, हा निषेध चाललाय. तोंडानं बोलायचं नाही आणि वागण्यातून दाखवायचं, असल्या माणसांचा तिला मनस्वी राग होता. तिचा मामा तसा होता, जेवण आवडलं नाही की ताट न ढकलता नुसता हात धुवायचा. तिनं लेकीला फोन करून सांगितलं. लेक हसली आणि म्हणाली, बाबांना थोडा वेळ दे, त्यांना नवीन टूथब्रशसुद्धा पचायला महिना लागतो.

महिना झाला. एका रविवारी त्यानं पाण्याचा तांब्या नव्या सोफ्यावर सांडला, आणि तिचा बांध फुटला. ती त्याला खूप बोलली. तुम्हाला माझ्या हौसेचं काही वाटत नाही, जन्मभर दुसऱ्यांची घरं सजवली, माझं एक सजवलं तर ते तुमच्या डोळ्यांत खुपतं, असं बरंच. तो खाली मान घालून फडक्यानं सोफा टिपत होता. फडकं ओल्या जागेच्या शेजारी फिरत होतं. ते तिनं पाहिलं आणि तिला अजूनच राग आला.

पुढच्या बुधवारी दुपारी ती खिडकीखाली नव्यातल्याच एका स्टुलावर बसून पडद्याची खालची दुमड हातानं शिवत होती. तलम कापड होतं, यंत्राखाली चुणत होतं. सकाळच्या दोन्ही फेऱ्या आटोपून तो जेवायला आला. दार उघडल्याचा आवाज ऐकून तिनं वर पाहिलं. रुसवा अजून होता, म्हणून ती बोलली नाही. सुई धरलेला हात मात्र अर्धवट वर गेला, आलात का म्हणायला जातो तसा.

तो दारातून दोन पावलं आत आला. ती त्याच्या डावीकडे होती, फार तर चार हातांवर, आणि मांडीवर तो एवढा पांढरा पडदा पसरलेला.

"अगं, कुठे आहेस?" तो आतल्या खोलीच्या दिशेनं म्हणाला.

ती गप्प राहिली. आधी रागानं, आणि मग दुसऱ्याच कशानं. त्यानं हात पुढे करून सोफ्याची पाठ चाचपली. मग एक पाय फरशीवरून न उचलता पुढे सरकवला, नदीच्या पाण्यात उतरताना माणूस तळ बघतो तसा. अंगठा टेबलाच्या पायाला लागला. तो थांबला, वळला, दुसरा पाय सरकवला. अशा रीतीनं बारा फुटांची खोली ओलांडून तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचला, चौकटीला हात लागल्यावर त्यानं श्वास सोडला, आणि मागे वळून बघितलं. आता ती त्याच्या नजरेसमोर आली. तो हसायला गेला आणि हसू अर्ध्यावरच राहिलं.

"मी इथेच बसले होते," ती म्हणाली. "तुम्ही दार उघडलंत तेव्हापासून."

त्याचा हात चौकटीवरच राहिला.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं," तो म्हणाला. "त्याच्या आधीचं मला कळलं नसेल."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी बसची डावी कड एका खांबाला घासली होती. खांब दिसलाच कसा नाही, म्हणून तो एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. हा दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो, आणि खाल्लेलं परत देत नाही. थेंब रोज घाला आणि दर तीन महिन्यांनी या, असं त्यांनी बजावलं. आणि गाडी चालवता का, असंही विचारलं. तो नाही म्हणाला. थेंबांची बाटली त्यानं बसच्या हत्यारांच्या पेटीत ठेवली होती. पुन्हा तो तिकडे गेला नाही. शाळेच्या वार्षिक तपासणीत भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात, ती त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. समोरचं त्याला लख्ख दिसत होतं.

"आणि घरात?" तिनं विचारलं.

"घरात काय, सगळं जागच्या जागी होतं. मला बघावंच लागत नव्हतं."

तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. वर्षभरात त्यानं संध्याकाळी बाहेर पडणं टाळलं होतं. जिन्यावर तो तिला पुढे जाऊ द्यायचा आणि तिला वाटायचं, मान देतोय. लेकीला निरोप द्यायला गेले तेव्हा गर्दीत त्यानं तिच्या पदराचं टोक धरलं होतं, ते तर तिला इतकं आवडलं होतं की तिनं मॅडमनाही सांगितलं होतं.

मग बसमधली अडतीस मुलं आठवली आणि तिच्या हातातली सुई कापडात तशीच राहिली.

"उद्या शाळेत जाऊन सांगा त्यांना," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे तीन महिने मागितले. शाळेचं वर्ष संपेपर्यंत. मग तो आपणहून सोडेल, काहीतरी कारण सांगेल, कुणाला कळायची गरज नाही. एकोणीस वर्षांत त्यानं एका पोराला ओरखडा येऊ दिला नव्हता. बसमध्ये मुलांना सांभाळायला मावशी असते, ती डावीकडे बघते. आणि गाडी तो जपून चालवतो, कुणापेक्षाही जपून.

"रस्ता मला पाठ आहे गं."

"घरही पाठ होतं तुम्हाला," ती म्हणाली. "मी एक स्टूल आणलं तर तोंडावर पडलात. रस्त्यात तुम्हाला विचारून मधे येतं का कुणी?"

तरी तो हो म्हणाला नाही. जेवून दुपारच्या फेरीला निघून गेला आणि तिनं त्याला जाऊ दिलं. त्या दोन तासांचं ओझं तिच्या मनावर पुढे कितीतरी दिवस राहिलं. ती खिडकीत उभी राहून रस्त्यावरचा प्रत्येक आवाज ऐकत होती. तो परत आला तेव्हा तिनं एकटीनं सोफा सरकवायला घेतला होता. तो दुसऱ्या टोकाला गेला, आणि दोघांनी मिळून सगळं सामान पुन्हा भिंतीला लावलं. काचेचं टेबल लेकीच्या खोलीत, पलंगाखाली.

सकाळी तो गणवेश चढवत होता तेव्हा तीही साडी बदलून तयार झाली. मी येते बसमध्ये, एवढंच म्हणाली. त्यालाही तेच हवं असावं. एकदा बघ तरी, मग तुझी खात्री पटेल, असं तो चपला घालताना म्हणाला.

ती पहिल्या सीटवर बसली. आणि खरं सांगायचं तर त्याचं चालवणं बघून तिचं मन डळमळलं. कुठे धक्का नाही, कुठे घाई नाही. प्रत्येक वळणावर तो मान पूर्ण वळवून दोन्हीकडे बघत होता. मुलं चढताना त्याला हाक मारत होती, एकानं त्याला पडलेला दात दाखवला. सगळी बसली की मावशी पत्र्यावर दोनदा थाप मारायची आणि बस हलायची. तिला वाटलं, तीन महिने म्हणजे काय, नव्वद दिवससुद्धा नाहीत, सुट्ट्या वजा केल्या तर.

सातव्या थांब्यावर पाच मुलं चढली. मागच्या सीटवर एका लहानग्याला ओकारी आली, मावशी पिशवी घेऊन तिकडे धावली. जाता जाता तिनं सवयीनं पत्र्यावर दोन थापा मारल्या. दार मिटलं. तेवढ्यात पडदेताईला काचेतून पिवळं दप्तर दिसलं. फुटपाथवरून एक मुलगी पळत आली होती, तिच्या हातातली पाण्याची बाटली सुटून बसच्या डाव्या कोपऱ्याखाली घरंगळली होती, आणि ती वाकून ती काढत होती. बस हलली. वीतभर, फार तर दोन वीत.

"थांबा!"

त्यानं ब्रेक दाबला. मुलं पुढे झुकली आणि हसली. मुलगी बाटली घेऊन उठली, फ्रॉकला हात पुसले आणि दारावर थापटलं. तिला काही कळलंच नव्हतं. वर येऊन ती म्हणाली, काका, माझी बाटली पडली होती. तो हो का गं म्हणाला. त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. शाळेपर्यंत तो इतका हळू चालला होता की मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या.

शाळेच्या आवारात मुलं उतरली. मावशी मागे थांबली. ती पडदेताईजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली की वर्षभर झालं, काकांनी आरसा धूसर झालाय म्हणून थापा मारायला सांगितल्या होत्या. आरसा तर तिनं दोनदा पुसला होता. तिला शंका आली होती, पण काका चांगला माणूस, तिच्या पोराच्या दवाखान्याच्या वेळी धावून आले होते. तिनं डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. एवढं सांगून ती खाली उतरली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

बसमध्ये दोघंच उरली.

"तुम्ही आत जाऊन सांगा," पडदेताई म्हणाली. "नाहीतर मी जाते."

"तीन महिने मागितले होते तुझ्याकडे."

"त्या पोरीकडे मागितले होते का?"

तो समोरच्या काचेतून बघत राहिला. मग ती उतरली. गाड्यांच्या प्रमुखाची खोली आवाराच्या पलीकडच्या टोकाला होती. तिथपर्यंत जाताना आपल्या मागे पावलं वाजतील असं तिला वाटत होतं. वाजली नाहीत.

प्रमुखाला आधी ते खरंच वाटेना. नवरा-बायकोचं काही भांडण असावं, अशा नजरेनं त्यानं तिच्याकडे बघितलं. मागच्याच वर्षी तपासणी झाली आहे, सगळी अक्षरं वाचली त्यांनी, असं तो फाइल काढून सांगायला लागला. ती म्हणाली, समोरचं ते वाचतीलच. तुम्ही त्यांच्या बाजूला उभे राहा आणि किती बोटं आहेत ते विचारा.

प्रमुख आवारात आला. बसच्या दारातून वर चढून, नवऱ्याच्या डावीकडे उभं राहून त्यानं हात वर केला. कोण आलंय आणि कशाला, हे नवऱ्याला बुटांच्या आवाजावरून कळलंच असणार. तो समोर बघत राहिला. पडदेताईला खालून त्याची फक्त मान दिसत होती. मग त्यानं आपणहून मान वळवली.

"दोन," तो म्हणाला. "पण आत्ता दिसली, साहेब."

त्या दिवशी दुपारची फेरी दुसऱ्या माणसानं केली. घरी जाताना ती दोघं चालत गेली. तिनं हात पुढे केला, त्यानं घेतला नाही. दुकानांच्या पायऱ्यांच्या कडेनं, भिंतीला बोटं लावत तो तिच्या चार पावलं मागून येत होता, आणि ती मागे न बघता त्याच्या चपलांचा आवाज ऐकत चालत होती.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. तो तिच्याशी कामापुरतं बोलायचा, मीठ, पाणी, दार. लेक रजा काढून आली आणि तिनं बापाची बाजू घेतली. आई, तू आधी मला सांगायचंस, आपण घरातल्या घरात काही मार्ग काढला असता, असं ती म्हणाली. त्यांना चारचौघांत असं उभं करायला नको होतं. पडदेताईनं तिला पिवळ्या दप्तराची गोष्ट सांगितली. लेक रडली, पण तरी म्हणाली, सांगायला हवं होतंस. डॉक्टरकडे त्याला लेकच घेऊन गेली, त्यानं तिलाच यायला सांगितलं होतं. डाव्या डोळ्याचं बरंच गेलं होतं, उजव्याचं निम्मं. उरलेलं थेंबांनी आणि एका शस्त्रक्रियेनं टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. ही दोन वर्षं नेमानं येत राहिले असते तर, एवढंही म्हणाले.

गोष्ट बाहेर पसरायला वेळ लागला नाही. मावशीला शाळेनं बसवरून काढून झाडलोटीला लावलं. एका घरी पडदेताई माप घ्यायला गेली तर दारात उभ्या बाईनं तिला ओळखलं. तिचा मुलगा त्याच बसनं जायचा. दोन वर्षं माझं पोर तुमच्या नवऱ्याच्या हवाली होतं, आणि एका घरात राहून तुम्हाला कळलं नाही? एवढं बोलून त्या बाईनं दार लावून घेतलं. पडदेताई टेप गुंडाळून परत आली. तिला त्या बाईचा राग आला नाही. तो प्रश्न ती स्वतःलाच रोज विचारत होती.

तिला एकच काम येत होतं, ते तिनं हातात घेतलं. खोली. या वेळी तिनं मासिकं चाळली नाहीत. डॉक्टरांकडच्या बाईंनी लेकीला सांगितलं होतं की उजेड भरपूर ठेवा, आणि वस्तू मागच्या रंगातून उठून दिसू द्या. तिनं पडद्यांची अस्तरं उसवली. गडद भिंत होती तशी राहू दिली आणि तिच्यापुढे सोफ्याला फिकट खोळ शिवली. दारांच्या चौकटींना, पायरीच्या काठाला, ओट्याच्या कडेला रुंद रंगीत पट्ट्या लावल्या. स्टुलं शेजाऱ्यांना दिली, काचेचं टेबल मॅडम दुसऱ्या कुठल्या घरासाठी घेऊन गेल्या. कामासाठी सजवलेल्या घरांमध्ये गेली की तिचं लक्ष आता टोकदार कोपऱ्यांवर आणि जिन्यांच्या कठड्यांवर जायचं, आणि काही घरं तिला भयंकर वाटायची. तो हे सगळं बघत होता, वापरतही होता. पट्टी जिथे संपते तिथे पाऊल थांबवायचा. बोलत नव्हता.

शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी तिनं त्याला विचारलं की बसायला धड खुर्ची नाही, एक घ्यायची आहे, येता का. तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. जुनं फर्निचर विकणाऱ्या एका गल्लीतल्या दुकानात ती दोघं गेली. आत खुर्च्या एकावर एक रचलेल्या, वाट अरुंद. त्यानं तिच्या दंडाला धरलं, कारण तिथे दुसरं धरण्यासारखं काही नव्हतं.

तो एकेका खुर्चीवर हात फिरवून बघत होता. पाठ, हात, पाय, कोपरे. तिनं एक सुरेख वेताची दाखवली, ती त्याला करकरते म्हणून आवडली नाही. शेवटी तो एका जाडजूड, गोल हातांच्या, मोहरीसारख्या पिवळ्या खुर्चीत बसला आणि तिथेच बसून राहिला. इतकी बेढब खुर्ची तिनं आजवर कुणाच्याही घरात पाहिली नव्हती. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता.

"तू त्या दिवशी उतरून गेलीस ना," तो एकदम म्हणाला, "तेव्हा मी बसची किल्ली काढून खिशात ठेवली होती."

ती रचलेल्या खुर्च्यांपाशी थबकली.

"तू गेली नसतीस तर मी गेलो असतो का, ते मला सांगता येणार नाही. खूप विचार केला. नसतोच गेलो बहुतेक. पण किल्ली काढली होती."

"हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"राग होता. अजून आहे." त्यानं खुर्चीच्या हातावर तळवा घासला. "जाईल की नाही माहीत नाही."

ती त्याच्या समोर सरकली, म्हणजे त्याला दिसेल अशी, आणि म्हणाली की नाही गेला तरी चालेल, पण बोलत जा. त्यानं मान हलवली, ती हो होती की नाही हे तिला नीट कळलं नाही.

दुकानदार परत आला आणि त्यानं विचारलं, हीच का? रंग जरा भडक आहे, हवी तर खोळ बदलून देतो.

"नको," तो म्हणाला. "हा मला दारातूनच दिसतो."

पडदेताईनं टेप काढला, खुर्चीची रुंदी मोजली आणि दारातून जाईल का ते मनात लावून बघू लागली.